टप्पे

सहा किलोमीटरचा एक टप्पा.
एकतीस वर्षं मी जग एवढ्यानंच मोजलं.
तुळजापूर आठ, विजापूर सतरा,
आणि टप्पा सुरू झाला की पुरता लागतो,
मध्येच उतरलात तरी.
"ओ मास्तर, हितंच तर उतरायलोय की!"
उतरा. पैसे पुढच्या थांब्याचेच.

भाग्या फोनवर सांगते,
विनिपेगहून तिचं गाव सोळाशे किलोमीटर.
मी जुन्या वे-बिलाच्या पाठीवर भागाकार मांडला.
दोनशे सहासष्ट, खाली उरले चार,
म्हणजे दोनशे सदुसष्ट.
"नाना, रस्ताच नाही."

रस्ता नाही म्हणजे?
कच्चा असेल. चाकोरी असेल.
नाही.
मैलाचा दगड नाही, फाटा नाही,
फाट्यावरचं लिंबाचं झाड नाही,
झाडच नाही कसलं.
विनिपेग म्हणे आपल्यासारखंच, परातीसारखं सपाट,
मंगळवेढ्याला ज्वारी तसा तिथं गहू.
तिथून वर वर गेलं
की आधी शेतं संपतात, मग झाडं,
मग जमीन कुठली आणि पाणी कुठलं
हे विचारणंही संपतं.

विमान आहे. दोन ठिकाणी थांबतं.
पुढच्या निम्म्यात कांदे, दूध, कुणाच्या तरी इंजिनाचा पट्टा,
मध्ये पडदा, मागं माणसं.
हे ऐकून मला जरा बरं वाटलं.
अक्कलकोटच्या मुक्कामी गाडीत
मी कोंबड्यांचं तिकीट फाडलंय.

सिव्हिलला शिकलेली पोर,
गेल्या माघात मधल्या थांब्यावर चार दिवस अडकली.
वादळ. समोरचा हात दिसेना.
एका म्हातारीनं घरी नेलं, माशाचं कालवण दिलं,
आणि बोलता बोलता म्हणाली,
पूर्वी आम्ही कुत्र्यांच्या गाडीनं जायचो.
तुझं गाव इथून चार झोपा.

किलोमीटर नाही. तास नाही.
वाटेत किती वेळा झोपलात, तेवढं अंतर.

मी हे आमच्या डेपोच्या कट्ट्यावर सांगितलं.
ड्रायव्हर तोळनूरे हसला,
"मग मी स्टेअरिंगवर डुलक्या घेतल्या
त्या धरायच्या का बे?"
कुणीतरी चहा सांगितला.
मी मात्र तिथंच अडकलो.

आता मे. पारा चव्वेचाळीस.
तिकडं सूर्य मावळतच नाही म्हणे,
म्हणून तिनं खिडकीला आपली मोराची चादर ठोकली.
लग्नात आहेरात आलेली, कधी न उलगडलेली.
"चादरीएवढी रात्र होते, नाना. पुरते."

इथं दत्त नगरात रात्रभर माग धडधडतात.
वीज गेली आणि माग थांबले
की अख्खी गल्ली दचकून उठते,
शांततेनं.
गच्चीवर पाणी शिंपडून मी अंथरूण टाकतो,
तिच्या गावाकडं डोकं करून. उत्तरेला डोकं करू नये, ही ओरडते.
मी एक झोप मोजायला घेतो.
ती दोनला तुटते.

समोरच्या गच्चीवर कुणाचं तरी मूल रडतंय.
टाकीतलं पाणी अजून कोमटच.
अर्धी झोप धरायची की नाही,
म्हातारीला विचारायचं राहिलं.
पण आमचा नियम साफ आहे.
मध्येच उतरलात तरी
टप्पा पुरता लागतो.