बंदा

राणीच्या भुवईपासून सुरुवात करावी.
तिथं सगळ्यात आधी झिजतं.
मग गाल, मग कानावरची बट,
मग झग्यावरची बारीक फुलं.
फुलं मोजता आली तर भाव वेगळा,
नुसती त्यांची जागा कळली तर वेगळा.

बिल्किस अत्तार रात्रपाळी उतरून थेट आलेली,
हॉस्पिटलचा बिल्ला अजून ओढणीला.
रुपया गॉझमध्ये गुंडाळलेला.
‘घासला नाही ना?’ मी आधी हेच विचारतो.
लोक चिंच लावतात, रांगोळी लावतात,
मेलेलं नाणं लखलखीत करून आणतात.
तिनं मान हलवली. नाही.

कडेनं धरला, दोन बोटांत.
राणीछाप. भुवई शाबूत. बट शाबूत.
झग्याची फुलं भिंगातून एकेक मोजली,
मनात म्हटलं, बाई, नशीब काढलंस.
आणि उलटा केला.

मागं काहीच नव्हतं.
म्हणजे वेल होती, पण चाटून टाकल्यासारखी,
सालातला एक सहा तेवढा उरलेला.

बाजारात फिरलेला रुपया दोन्हीकडून झिजतो.
खिसा, गल्ला, कनवटी,
कुणी त्यात डावंउजवं करत नाही.
हा फिरलाच नव्हता.
हा एका जागी बसून झिजला होता,
राणी कायम वर.

‘कशात ठेवायचे हा?’

‘तराजूत. दर्ग्याच्या वाटेवर अब्बांचं दुकान होतं.
केशर याच्यावरच तोलायचे.
एक रुपया, एक तोळा.
ग्रॅम आले तरी मिरजेत गिऱ्हाईक तोळाच मागायचं.’

मी काटा सुरू केला.
अकरा सहासष्ट भरायला हवं.
आकडे थरथरले, थांबले :
अकरा वीस.

मी बोललो नाही. तिनंच वाचलं.
रात्रभर सिरिंजवरच्या रेघा वाचणाऱ्या बाईला
हिशेब सांगावा लागत नाही.
अर्ध्या ग्रॅमला जरासं कमी.
दर तोळ्यामागं.
किती वर्षं?
बाहेरून सतारीच्या भोपळ्यांची हातगाडी गेली,
एकमेकांवर आपटत, पोकळ.

‘म्हणजे अब्बा…’
ती थांबली. मग तोंडावर हात नेला,
मला वाटलं रडते, तर हसत होती.
‘तोलून झालं की वरून चिमूट टाकायचे.
प्रत्येकाला. ओळखीचा असो, नसो.
अम्मी भांडायची, हात सैल आहे म्हणायची,
घरात चार पोरी आहेत म्हणायची.
आधी दोन बोटांची चिमूट असायची.
शेवटी शेवटी तीन बोटांची.’

काट्याखाली बोटभर धूळ होती, ती मी उगाच पुसली.

‘याचे किती येतील?’
‘चांदीचा भाव. पुढच्या बाजूचे थोडे वर.’
‘विकायचा नाहीये. असंच विचारलं.’

अक्षरांच्या खोबणीत काही पिवळं अडकलंय.
सुईनं निघालं असतं. राहू दिलं.

कार्डावर लिहिलं : पुढची बाजू उत्तम.
मागची फाईनसुद्धा नाही.
वजन कमी.
शेऱ्याच्या रकान्यात ‘बंदा’ लिहिलं,
मग खोडलं.
झिजलेल्याला बंदा म्हणत नाहीत आमच्या धंद्यात.

एकाच रेघेनं खोडलंय.
खालचं वाचता येतं.