बुटांची तोंडं

नारिनमध्ये जानेवारीत नदीसुद्धा बोलायची थांबते.
होस्टेलच्या वाचनखोलीत गालिचा आहे,
म्हणून बूट बाहेर काढायचे.
हा नियम झूरा आपाचा. ती झाडते, पुसते,
आणि कुणी चिखल आत आणला
तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते, नावानिशी.
आमच्याकडे प्रत्येकाला आपले सात बाप पाठ असतात.
तिला सगळ्यांचे पाठ आहेत.

माझ्या डाव्या बुटाचा तळ फाटलेला.
आत वर्तमानपत्र कोंबायचो,
घडी अशी, की अक्षरं वर येऊ नयेत.
बूट काढायचो सगळ्यांच्या शेवटी, भिंतीशी, अंधारात,
आणि घालायचो सगळ्यांच्या आधी.
दोन वर्षांत हे एक गणित चुकलं नाही.
बाकीची चुकली.

त्या रात्री स्थितिशास्त्रात दुसऱ्यांदा नापास होऊन
पुस्तक उघडं ठेवून बसलो होतो.
भाऊ मॉस्कोत गोदामात खोकी उचलतो.
"ये," म्हणाला होता फोनवर,
"इथे कुणी सूत्रं विचारत नाही."
तिकिटाचे पैसे मोजून झाले होते.

पाणी प्यायला उठलो. दार किलकिलं.
बाहेर जिपारा उकिडवी बसलेली.
जिपारा, माझ्याच वर्गातली,
कंपास मागून नेते आणि परत द्यायला विसरते, तीच.
एकेक जोड उचलून फिरवत होती.
खोलीकडे असलेली बुटांची तोंडं
जिन्याकडे करत होती,
निघणाऱ्याला वळावं लागू नये,
नुसता पाय घालावा, चालू पडावं.
हे आम्ही म्हाताऱ्यांसाठी करतो. पाहुण्यांसाठी.
उसनवारी करणाऱ्या, घोरणाऱ्या, दात न घासता झोपणाऱ्या
सतरा पोरापोरींसाठी कोण करतं?

मग ती भिंतीशी आली.
डावा बूट हातात घेतला.
मी दारामागे, श्वास धरून.
ओला लगदा तिनं बोटांनी ओढून काढला,
नाक मुरडलं (मुरडलंच, मी पाहिलं)
आणि कोटाच्या खिशातून नमद्याचा एक तुकडा काढून आत सरकवला.
पावलाच्या आकाराचा.
माझ्या पावलाच्या.
म्हणजे हे आजचं नव्हतं.
म्हणजे केव्हातरी तिनं माप घेतलं होतं,
आणि माझा अंधार
पहिल्यापासून कुणाला तरी दिसत होता.

खरं सांगतो, मला राग आला.
रात्रभर तिला सुनावायची वाक्यं जुळवली,
एकापेक्षा एक.
सकाळी बूट घातला
आणि नदीच्या पुलापर्यंत जाईतो
एकही वाक्य आठवेना.
पायाला आधी कळलं, मला नंतर:
उणे अठ्ठावीस, आणि करंगळी ऊबदार.

आभार मानले नाहीत.
तिनंही विषय काढला नाही.
"कंपास आहे का?" म्हणाली.
नेला, परत दिला नाही.

तिकीट काढलंच नाही असं म्हणणार नाही.
काढलं. मार्चमध्ये परत केलं, तीस टक्के कापून.
पेपर तिसऱ्यांदा दिला, काठावर निघालो.
एवढंच. कुणाचा पुतळा झाला नाही.

पण एप्रिलमध्ये, बर्फाचा राडा झालेला असताना,
झूरा आपा आत खिडक्या पुसत होती.
बादलीच्या पलीकडे तिचे रबरी बूट,
एकाचं तोंड भिंतीकडे, एक आडवा पडलेला.
सतरा जोडांत ते कधीच नव्हते.
जिपारालाही दिसले नसावेत.
मी वाकलो. पुसले. फिरवले. आत जाऊन बसलो,
चोरी केल्यासारखा.

"माझ्या बुटांना हात कुणी लावला?"
आवाज जिन्यापर्यंत घुमला.
सगळ्यांनी माना खाली घातल्या. मीही.
मग सुरू झाली, माझ्या बापापासून,
म्हणजे तिला माहीत होतं.
आजोबा. पणजोबा. त्यांचा बाप.
चौथ्यापाशी थांबली.

रबरात पाय गेल्याचा आवाज आला, एक,
मग थोड्या वेळानं दुसरा.
बादली उचलली
आणि न वळता
जिना उतरून गेली.