बूबियालाच्या खुंटावर

पहिल्या खेपेला बारा फाटे लावले.
यंदाच्याच वाढीचे, करंगळीएवढे,
खालची पानं नखानं अलगद उतरवून.
पान कसलं, नुसती लव,
मांजराच्या कानामागं असते तशी, चंदेरी.
हात लावला तर हाताला काही लागत नाही,
तरी हात पुसावासा वाटतो.

तीन भाग जाड वाळू, एक भाग काथ्याचा भुसा,
वरून अर्धी कापलेली प्लास्टिकची बाटली.
व्हरांड्याच्या दक्षिणेला ठेवले,
आमच्याकडे सावली तिकडे पडते.
नवव्या दिवशी बाराही काळे.
ओढून पाहिला एक,
तर ओढावाही लागला नाही.

दार्को आला, वाकून वास घेतला.
आयुष्य त्यानं द्राक्षमळ्यांत कलमं बांधण्यात काढलं,
बोटं वेलीसारखीच गाठाळ.
म्हणाला, ग्लेनिस, हे उन्हानं गेलेले नाहीत.
ही लव उन्हाला दारातूनच परत पाठवते,
पण ओल एकदा आत शिरली की सोडत नाही.
पाणी कोण घालतं?
मी, म्हटलं. आठवड्यातून एकदा.
खोटं नव्हतं ते.

क्लेम पाचला उठतो. झारी भरतो, घालतो.
चहा घेतो.
झारी रिकामी दिसते, म्हणून भरतो.
आज वार कोणता ते त्याला सांगता येत नाही,
पण कुठल्या साली टाकीत किती बोटं पाणी उरलं होतं
आणि कुठल्या मेंढ्या कुंपणाला टेकून मेल्या,
ते विचारा.
झारी लपवली तर किटली.
किटली लपवली तर ओंजळ,
नळापासून कुंडीपर्यंत, निम्मी वाटेत सांडत.
मी ओरडले त्या दिवशी. नको इतकं ओरडले.
तो तसाच उभा, ओले हात पुढे धरून,
टॉवेल कुणी देईल म्हणून.

अति तेथे माती, खरंच आहे.
पण इथे माती तरी कुठे होती,
होती ती वाळू.

पुढच्या शनिवारी दार्को सात रोपं घेऊन आला,
चकचकीत हिरवी, दांडगी.
बूबियाला, म्हणाला. समुद्रकाठचा गडी.
चिकणमाती चालते, खारट चालते,
पाय ओले राहिले तरी कुरकुर नाही.
शेंडा उडवला, मधोमध चीर दिली,
चंदेरी फाट्याला पाचरीसारखी धार काढली
आणि बसवली.
सालीखालचं हिरवं हिरव्याला भिडलं पाहिजे,
निदान एका बाजूनं.
दोन्ही बाजूंनी कुणाचं जुळतं?
हे तो पट्टी गुंडाळताना, दातांत टोक धरून बोलला.

तीन आठवडे पिशवीत. मग पिशवीला एक भोक. मग दोन.
सातांतली पाच लागली.

आता ती उघड्यावर आहेत, फाटकाच्या चिकट लाल मातीत.
ऑगस्टात फुललीही, फिकट जांभळी,
पानांपुढे फूल जरा मळकंच दिसतं.
रानात म्हणे फार थोडी उरलीत,
रस्त्याकडेच्या अरुंद पट्ट्यांत,
जिथे नांगर पोचला नाही.
खालून बूबियाला अधूनमधून धुमारे काढतो,
आपणच झाड आहोत असं वाटून.
ते मी खुडते. रोज बघावं लागतं.

टपालकचेरीतल्या जॉसलिनला एक कुंडी दिली.
तिनं पाठकोऱ्या पाकिटावर लिहून मागितलं.
लिहिलं: ऊन भरपूर. खत नको.
पाणी पहिला उन्हाळाभर, तेही जपून,
पानांवर कधीच नाही.

लिहिताना खिडकीतून झारीचा आवाज येत होता,
पानांवरच.