उखर्डू

आधीची दोघं पाळण्यातच गेली,
म्हणून तिसऱ्याला आईनं उकिरड्यावर लोळवलं
आणि शेजारणीकडून सव्वा रुपयाला परत विकत घेतलं.
काळ आलाच तर बघेल, हुंगेल, म्हणेल,
हा तर केर.
आणि जाईल पुढं.
नाव ठेवलं उखर्डू.

बासष्ट वर्षं झाली. काळ अजून फिरकलेला नाही.

अमळनेरबाहेर, सुरत लाइनच्या अंगाला,
नगरपालिकेचा डेपो होता; आता टेकडी आहे, फाटक आहे,
संध्याकाळी पोरं आहेत.
सव्वीस वर्षं कचऱ्याचा ट्रॅक्टर यानंच ओतला,
त्यामुळे गवताखालचं त्याला तोंडपाठ:
या बाकाखाली मिलच्या चिंध्या.
घसरगुंडीखाली पुराच्या साली फुगलेल्या गाद्या.
तिकडे एकाच लग्नातल्या बारा हजार पत्रावळी,
वरण अजून वाळलं नसेल.
आणि वळणावर, जिथं मुली सायकल शिकतात,
त्याची स्वतःची चप्पल. डावी.

गिरासे मॅडमनी चादर अंथरली तेव्हा समजावलं होतं:
खाली चिकणमाती, वर प्लास्टिक, त्यावर दोन फूट काळी.
गवत लावा, गवती चहा लावा, कोरफड लावा.
मोठं झाड नको. मूळ चादर फाडेल,
पाऊस आत उतरेल,
आतलं काळं पाणी बोरीला जाऊन मिळेल.
‘निंब बी नही?’
‘निंब तर मुळीच नाही, काका.’

पहाटे तो पाइपाच्या तोंडाशी तळहात धरतो.
हवा थरथरते, ऊन लागते.
पोटात अजून शिजतंय काहीतरी.
एवढ्या वर्षांचं गावाचं खाणं,
दोन पावसाळ्यांत कसं पचेल?

पण पाखरांना नकाशा कोण दाखवणार!
दर आषाढात लिंबोळ्या पडतात, कोंब निघतात,
तो वाकून एकेक उपटतो, वहीत आकडा लिहितो.
गेल्या साली एक्केचाळीस.
फेकत नाही. तेलाच्या डब्यांत, दुधाच्या पिशव्यांत लावून
फाटकाशी ठेवतो. लोक नेतात.
पैलाडच्या शाळेत तीन आहेत, कोर्टामागे एक,
एक बकरीनं खाल्लं.

यंदा एक कोंब पार पायथ्याला आला, कुंपणाजवळ.
त्यानं पावलं मोजली. पुन्हा मोजली.
चादर कुठं संपते ते त्याच्या पायांना ठाऊक होतं,
पायांवर मात्र कागद नसतो.
वहीत त्या दिवशी त्यानं काहीच लिहिलं नाही.
डब्यातलं पाणी निम्मं प्यायला,
निम्मं तिथं ओतलं.

तपासणीला मॅडम आल्या. थांबल्या.
कोंब तोवर गुडघ्याएवढा.
‘हे काय, काका?’
उखर्डूनं टोपी काढली, घाम पुसला.
‘केर शे, मॅडम. ऱ्हाऊ द्या.’

त्यांनी टेप सोडली, चादरीच्या कडेपासून
कोंबापर्यंत, वाकून आकडा वाचला.
मग बराच वेळ त्याच्याकडे बघितलं,
टेप गुंडाळली,
आणि गेल्या पुढं.