झरखाची पाटी

आमच्या गव्हाच्या पिंपावर झाकण म्हणून
कित्येक वर्षं एक झरख होता.
पिवळ्यावर काळी गुजराती अक्षरं, गंजलेला कोपरा,
खाली बारीक: खोराक, मांस.
दळण काढायचं झालं की आई म्हणायची,
"जरा झरख उचल गं."

भाऊ कमाठीबागेत पाट्या रंगवायचे.
दोन डबे, तीन ब्रश.
एक ब्रश खारीच्या शेपटीचा आहे असं सांगून
त्याला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.
हिप्पोची पाटी दर दिवाळीला, कारण हौदातलं पाणी उडायचं.
"प्राण्यांना चिडवू नये" वर्षातून दोनदा,
लोक तिच्यावरच खडे मारून नेम तपासायचे.

रविवारी आम्ही दोघी बहिणी भाऊंच्या मागून
दांडिया बाजारातून चालत.
पुलावर पहिला थांबा.
खाली विश्वामित्रीच्या गाळात मगर दिसली तर ती फुकट,
तिला पाटी नव्हती.
"ही कुणी आणलेली नाही," भाऊ म्हणायचे,
"आणलेल्यालाच नाव सांगावं लागतं."

झरखाला वास होता. साळिंदराला वेळ नव्हता.
शहामृग शालनच्या कानातल्या लाल खड्यावर
असा डोळा ठेवून होता की ती ओढणी डोक्यावरून घ्यायची.
आणि अस्वल डोलायचं.
डावा पाय, उजवा पाय, डावा पाय,
शनाभाईंनी बादली आपटली तरी थांबायचं नाही.
नाचतंय म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या.
शेंगासुद्धा टाकल्या.

(सयाजी दवाखान्यात, भाऊंच्या शेवटच्या रात्री,
मी कॉरिडॉरमध्ये उभी होते.
शालन म्हणाली, अगं, डोलू नकोस.)

जनावर गेलं की पिंजरा धुतला जायचा
आणि पाटी आमच्या घरी यायची.
भाऊ ती मांडीवर घ्यायचे,
कानामागची पेन्सिल काढून, पट्टी लावून
नावाच्या डोक्यावर एक सरळ रेघ ओढायचे.
गुजराती अक्षरांना रेघ नसते ना.
"बाहेर होता तोवर ठीक," म्हणायचे,
"आता घरात आलाय. छप्पर नको?"

असा झरख पिंपावर बसला.
साळिंदर मोरीत, साबणाखाली.
शहामृग फुटक्या काचेच्या जागी,
सगळा श्रावण त्याच्या अंगावरून जायचा.
अस्वल मात्र भाऊंनी कशालाच वापरलं नाही.
कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून.

परवा नातवाला घेऊन गेले.
आता काचा आहेत, झाडं आहेत, जागा पुष्कळ आहे.
चांगलंच आहे ते, उगाच उसासे कशाला टाकू.
पाट्यांवर फोटो असतात, मोबाइल धरला की माहिती येते.
अस्वलाचा पिंजरा कुठे होता ते मी
नळ, पायरी, चिंच असं मोजत शोधलं
आणि जिथे पोचले तिथे एक मुलगी
कणीस खात बसली होती.
तिला उठ म्हणणार तरी कशी.

घर विकताना पत्रा भंगारवाल्याला वजनावर दिला.
सगळं जनावर मिळून साडेअकरा किलो.
एक पाटी ठेवली.
एका वर्षी जिराफ येणार अशी आवई होती,
साहेबांनी तोंडी सांगितलं, भाऊंनी रात्री जागून रंगवली.
इतकी सुबक त्यांनी दुसरी केली नाही.
जिराफ आला नाही.
त्याच्यावर पेन्सिलीची रेघ नाही.

फ्लॅटमध्ये ती मी छताला लागून ठोकलीय.
कामाची बाई कुरकुरते, एवढ्या उंच कशाला, हात पोचत नाही.
मी तिला स्टूल देते.