मानशीपाशी

रायबंदरहून फेरी सुटली तेव्हा
पिशवीत एकच कादंबरी होती, पानं मुडपलेली.
एकशे बारावर पेन्सिलीची खूण:
"भरती चढते तसा खाजनात पिटूक बोलू लागतो."
तेवढ्या एका ओळीसाठी मी दिवाडीला निघालेला.

फेरीवर चालत्या माणसाला तिकीट नाही.
दोन स्कूटर, एक पोदेर, पावांवर निळं प्लास्टिक.
याच नदीवरून देव गेले होते, रात्रीचे,
होडीतून, फडक्यात गुंडाळलेले;
काठ बदलला, नाव तेच राहिलं
असं काहीबाही मी वहीत लिहीत होतो.

मानशीवर रुझार भेटला.
पोटऱ्यांपर्यंत सुकलेला चिखल, तोंडात विझलेली विडी.
लाकडी दार दाखवत म्हणाला,
"आपशींच उगडटा, आपशींच धांपता.
म्हाका फकत पळोवपाचें काम."

मी विचारलं, पिटूक कुठं दिसेल?

तो इतका हसला
की बांधावरचे खेकडे बिळात गेले.

चाळीस वर्षांमागं एक चष्मेवाला आला होता म्हणे,
या झाडाला काय म्हणता, त्या गवताला काय,
सगळं उतरवून घ्यायचा, उन्हात उभ्यानं.
मग एक पक्षी ओरडला.
रुझारला नाव ठाऊक नव्हतं,
आणि ठाऊक नाही म्हणायची लाज वाटली.
तोंडाला आलं ते दिलं ठोकून.
पिटूक.
थोरल्या बहिणीचं घरातलं नाव.
बोटीनं लोरेन्सो मार्किशला गेली, कुणाची तरी मुलं सांभाळायला.
दोन पत्रं आली. मग नाहीत.

"तुजे आदीं तीन-चार जाण येवन गेले
पिटूक सोदीत," तो म्हणाला.
आता हसत नव्हता.

मी पुस्तक उघडलं. त्याला ही लिपी येत नाही,
प्रार्थनेचं पुस्तक रोमीतलं.
कुठं आहे ती, त्यानं विचारलं.
मी शब्दावर बोट ठेवलं.
त्यानं माझं बोट बाजूला सारून
आपलं ठेवलं.
तीन अक्षरांवर खाजनाचा चिखल उमटला,
तो अजून तिथंच आहे.

भरतीच्या रेट्यानं दार आपोआप मिटलं.
पलीकडे चिपीच्या झाडीत
काहीतरी ओरडलं, दोनदा.
त्याचं खरं नाव कुठल्या तरी पक्षिकोशात असेलच.

"आयक," रुझार म्हणाला,
"उलयता."