हरिपूरची जागा

चौथ्या दिवशीही जिना कुठे घ्यायचा ते ठरत नव्हतं.
ऋजुता मगदूमची पेन्सिल बटर पेपरवर
ओसरी लांबवत होती,
बायकांना पाय पसरून बसता येईल अशी,
आणि मी त्या ओसरीच्या मधोमध
माझा कॉलम उभा करत होतो.
"हा इथं बसणार?"
"हा नाही बसला, तर छत बसेल."
पार्श्व उपाध्येने काही न बोलता
आमच्या दोघांच्या मध्ये चहाचा पेला ठेवला.
उचलल्यावर कागदावर एक तपकिरी गोल राहिला.

समाजमंदिर म्हणजे अजून एवढंच होतं:
ग्रामपंचायतीचा ठराव, सात गुंठे,
संगमाच्या बाजूने येणारा वारा,
आणि नकाशाखाली माझ्या अक्षरात एक ओळ,
जमिनीची ताकद: गृहीत धरली आहे.

पुराची पातळी विचारत आम्ही गल्लीभर फिरलो.
एकाने छातीला हात लावला,
एकीने दाराच्या गणेशपट्टीला,
किराणावाल्याने तिसऱ्या फळीला, तेलाच्या डब्यांच्या वर.
एक मुलगा म्हणाला, मी लहान होतो,
मला पाणी बाबांच्या खांद्यावरून दिसलं.
पार्श्वने तेही वहीत घेतलं:
खांदा. बाबांची उंची विचारायची राहिली.

मग शिदू ऐनापुरे आले,
हळदीची पोती वाहून एका बाजूला कललेले.
कागद पुढे केला, त्यांनी बघितला नाही.
जागेवर टाच आपटली.
दोन पावलं सरकून पुन्हा.
"ऐकलंसा?"
आम्ही ऐकलं नव्हतं.
"हितं पेव हाय. पोरगा हुतो तवा उतरलोय मी.
तोंड टोपलीएवढं, पोट तुमच्या हालएवढं."

फरशी सापडायला दुपार गेली.
पहारीने उचलली तेव्हा आतून
हळदीचा वास आला,
कुणाच्या तरी लग्नाचा, पण फार जुन्या.
मी मोबाइलची बॅटरी लावून वाकलो.
त्यांनी मागून शर्ट धरला.
"त्या दिव्याला काय कळतंय?
त्यो इझत न्हाई."

सुतळीला कंदील बांधून सोडला.
दहा हात. बारा.
कुदळीच्या खुणा दिसल्या,
पाल्याचे काळे तुकडे भिंतीला धरून राहिलेले.
पंधराव्या हाताला ज्योत आखडली,
निळी झाली, गेली.
"आज न्हाई. रातभर उघडं ऱ्हाऊंदे.
उद्या परत सोडू. ज्योत उभी ऱ्हायली, तर माणूस."

तीन वर्षं मी सुरक्षिततेचा गुणांक
दीड धरत आलो,
पुस्तकात दीड आहे म्हणून.

संध्याकाळी नवा कागद.
कॉलमची एक अख्खी ओळ कडेला गेली,
ऋजुताला तिची ओसरी मिळाली
आणि ती चिडली, असं नको होतं म्हणाली.
पेवाचं काय?
मी म्हणालो, मुरुमाने भरू.
ती म्हणाली, जाळी टाकू, दिसू दे.
पार्श्व म्हणाला, उतरलेल्या माणसाला विचारू.
चहाचा डाग पेवाच्या तोंडावर येतो का,
म्हणून जुना कागद नव्यावर ठेवून पाहिला.
नाही आला. बोटभर चुकला,
म्हणजे जमिनीवर सहा फूट.

रात्रीचे अकरा झालेत.
जिना अजून ठरलेला नाही.
तिकडे फरशी उघडी आहे,
कडेने आम्ही दोरी बांधली आहे, दोरीला ऋजुताची ओढणी,
कुणी अंधारात पाय टाकू नये म्हणून.
मी नकाशाखालच्या ओळीतलं
'गृहीत धरली आहे' खोडलं.
त्या जागी अजून काही लिहिलेलं नाही.